आकडे कुलपात नाहीत

घरी विमान बांधण्याचा विषय मराठीत निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. पोरांकडे हात आहे, जिद्द आहे, गावात वेल्डर आहे, लेथ आहे, पण पंखाचे आकडे मिळत नाहीत. कोणता एअरफॉइल, म्हणजे पंख आडवा कापला तर दिसणारा कोणता आकार, किती वजन उचलतो, किती कोनावर स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल कोसळते, हवेला किती अडतो, हे सगळं म्हणे परदेशी प्रयोगशाळांच्या आणि बड्या कंपन्यांच्या कुलपात आहे. ते कुलूप उघडलं असतं तर नगर, सातारा, धुळ्याच्या शेडमधून एव्हाना विमानं बाहेर पडली असती. या तक्रारीला सहानुभूती लगेच मिळते आणि तिची तपासणी कोणी करत नाही. तपासली तर ती टिकत नाही. आकडे गेली नव्वद वर्षं उघड्यावर पडले आहेत. कमतरता आहे ती वेगळीच: तो आकडा कोणत्या हवेत, कोणत्या वेगाला, कसल्या पृष्ठभागावर मोजला हे वाचायची सवय आपल्याला नाही, आणि ती परिस्थिती आपल्या विमानाची नसेल तर स्वतः मोजायची तयारीही नाही. कुलपाची गोष्ट सोयीची आहे, कारण तिच्यात दोष दुसऱ्याचा असतो.

आधी कुलपाचंच पाहू. अमेरिकेच्या नाका या सरकारी संस्थेने (पुढे 1958 मध्ये तिची नासा झाली) 1933 साली आपला 460 क्रमांकाचा अहवाल छापला. त्यात एकाच कुळातल्या 78 एअरफॉइलची मोजणी आहे. चार अंकी नावं तिथूनच रूढ झाली: 2412 म्हणजे 2 टक्के बाक, तो पुढच्या कडेपासून 40 टक्क्यांवर, आणि जाडी 12 टक्के. नावातच आकाराचं सूत्र आहे. दडवायचं असतं तर असं नाव कोणी ठेवलं नसतं. 1945 मध्ये ॲबट, फॉन डोएनहॉफ आणि स्टिव्हर्स यांचा 824 क्रमांकाचा अहवाल आला. त्यात एअरफॉइलमागून एअरफॉइल, प्रत्येकाचे आलेख आणि आकाराचे बिंदू दिलेले आहेत. त्यावरचं पुस्तक 1949 पासून विकत मिळतं आणि मूळ अहवाल आज फुकट उतरवून घेता येतो. इलिनॉय विद्यापीठात मायकल सेलिग यांनी दीड हजारांहून जास्त एअरफॉइलचे बिंदू जमवून सर्वांना खुले केले. कोणत्या विमानाच्या पंखाला कोणता छेद, म्हणजे कोणता एअरफॉइल, आहे याची डेव्हिड लेडनिसर यांनी केलेली लांबलचक यादीही तिथेच आहे. जर्मनीत गटिंगेनच्या प्रयोगशाळेने तर 1920च्या दशकातच आपली मोजमापं खंडांमागून खंड छापून टाकली होती. त्या गटिंगेनमध्ये लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेला माणूस आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचा होता. विष्णु माधव घाटगे यांनी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये रेखाटलेलं एचटी-2 हे विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. ज्या घरात कुलूप होतं असं सांगितलं जातं, त्या घराच्या माजघरात आपला माणूस इतक्या आधी जाऊन आला होता.

तेव्हा आकडे मिळतात. खरी अडचण मिळाल्यानंतर सुरू होते. 824 अहवालातले बहुतेक आलेख तीन रेनॉल्ड्स आकड्यांना काढलेले आहेत: सुमारे 30 लाख, 60 लाख आणि 90 लाख. रेनॉल्ड्स आकडा म्हणजे वेग गुणिले पंखाची रुंदी (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत), भागिले हवेचा चिकटपणा आणि घनता यांचं गुणोत्तर. दोन पंख दिसायला एकसारखे असले तरी हा आकडा वेगळा असेल तर हवा त्यांच्याशी वेगळी वागते. आता एक साधं दोन आसनी विमान घेऊ: पंखाची रुंदी 1.2 मीटर, स्टॉलचा वेग ताशी 75 किलोमीटर. समुद्रसपाटीला, 15 अंश तापमानात, स्टॉलच्या क्षणी त्याचा रेनॉल्ड्स आकडा सुमारे 17 लाख येतो. पण नगर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंच आहे आणि मे महिन्यात दुपारी 40 अंश तापमान ही इथे बातमी नसते. त्या उंचीवर, त्या उन्हात हवेची घनता प्रमाण हवेपेक्षा 15 टक्क्यांनी कमी भरते. वेगमापक 75 दाखवत असताना जमिनीच्या हिशेबाने विमान 81च्या वेगाने चाललेलं असतं, आणि गरम हवेचा चिकटपणा वाढलेला असल्याने रेनॉल्ड्स आकडा 15 लाखांच्या खाली उतरतो. ताशी 55 किलोमीटरला स्टॉल होणारं हलकं मायक्रोलाइट घेतलं तर तो 11 लाखांच्या घरात येतो. म्हणजे आलेखाची सर्वांत खालची रेघ जिथे सुरू होते तिथे आपलं विमान पोचतच नाही. ज्या क्षणी आकड्याची सर्वांत जास्त गरज आहे, जमीन जवळ आणि वेग कमी असताना, तो क्षण तक्त्याच्या बाहेर आहे. शेडमधला हौशी माणूस मात्र 90 लाखांची रेघ उचलतो, कारण ती सर्वांत वर आहे आणि तिच्यावरचा आकडा सर्वांत गोंडस आहे.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. याच अहवालात जवळजवळ प्रत्येक एअरफॉइलला एक जादा, खालची रेघ आहे आणि ती वाचणारे थोडे. नाकाने 61 सेंटिमीटर रुंदीच्या गुळगुळीत नमुन्याच्या पुढच्या भागावर 0.28 मिलिमीटरचे खरखरीत कण मुद्दाम चिकटवून तीच मोजणी पुन्हा केली. 23012 हा हौशी लोकांचा फार आवडता छेद. 90 लाखांच्या आसपास त्याचा कमाल उचल गुणांक सुमारे 1.8 आहे. कण चिकटवल्यावर तो 1.2 च्या आसपास येतो. गुणांक असा एक तृतीयांशाने घसरला की स्टॉलचा वेग 22 टक्क्यांनी चढतो, म्हणजे कागदावरचे 75 किलोमीटर 92 होतात. त्यात नगरच्या मे महिन्याची विरळ हवा मिळवा, जमिनीवरचा वेग ताशी 100 होतो. टेकताना विमानात असणारी ऊर्जा कागदावरच्या हिशेबाच्या पावणेदोन पट. नाका इथे प्रामाणिक होती: नेहमीच्या कारागिरीतल्या दोषांपेक्षा ही खरखर जास्त कडक आहे, आणि चिखल-बर्फ साचल्यावर होते त्यापेक्षा सौम्य आहे, असं तिने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे खरा आकडा दोन रेघांच्या मधे कुठेतरी. कुठे, हे आपला पंख, आपला रंग, आपली धूळ ठरवणार. उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात मोकळ्यावर ठेवलेल्या कोणत्याही वस्तूवर तासाभरात काय बसतं, हे नगरकरांना वेगळं सांगायला नको.

हे कागदी भय नाही. बर्ट रुटान हे घरगुती विमानांच्या जगातलं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या व्हॅरी-ईझी आणि लाँग-ईझी या विमानांना पुढे एक छोटा पंख असतो. त्याला ग्लासगो विद्यापीठात घडवलेला जीयू मालिकेतला एक छेद होता. मोजणीत तो उत्तम, कारण हवेचा थर त्याच्यावर अर्ध्याहून जास्त रुंदीपर्यंत गुळगुळीत वाहत राही. पावसाचे थेंब किंवा किडे त्या कडेवर बसले की तो थर मोडे, पुढच्या पंखाची उचल कमी होई आणि विमानाचं नाक खाली झुकू लागे. वैमानिकाला दांडा मागे ओढून धरावा लागे. पुढे जॉन रॉन्झ यांनी पावसात न बिघडणारा नवा छेद काढला आणि तो बसवला गेला. लक्षात घ्या, रुटान अनाडी नव्हते, आकडे चुकीचे नव्हते, मोजणारे प्रामाणिक होते. आकडा कोरड्या, स्वच्छ नमुन्याचा होता आणि विमान पावसात गेलं, इतकंच. आपल्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने (एनएएल) 1987 मध्ये उडवलेलं हलकं संशोधन विमान याच लाँग-ईझीवर बेतलेलं होतं, तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून फार लांबचीही नाही. पुणे रस्त्याने नगरला येताना सुप्याच्या डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. त्यांची पाती म्हणजेही एअरफॉइलच. 2001 साली 'नेचर' नियतकालिकात कॉर्टेन आणि व्हेल्डकॅम्प यांनी दाखवून दिलं की पात्याच्या कडेवर बसलेल्या किड्यांमुळे काही पवनचक्क्यांची जोराच्या वाऱ्यातली वीज निम्म्यावर येऊ शकते. कारखान्यातून निघालेल्या पात्यांची ही गत असेल, तर शेडमध्ये हाताने घासलेल्या पंखाने वेगळं वागावं असं मानायला कारण नाही.

तिसरी गोष्ट तर अनुभवी लोकही विसरतात: आकड्यात टनेलचाही, म्हणजे नमुन्यावर हवा सोडून मोजणी करायच्या बोगद्याचाही, हिस्सा असतो. 460 अहवालाची मोजणी ज्या टनेलमध्ये झाली त्याची कल्पना प्रांटल यांच्याच एका विद्यार्थ्याची, मॅक्स मुंक यांची. पोलादी टाकीत हवा वीस वातावरणांपर्यंत दाबायची, म्हणजे छोट्या नमुन्यावरही मोठ्या विमानाचा रेनॉल्ड्स आकडा मिळतो. युक्ती अफलातून, पण त्या टाकीतली हवा फार खळबळलेली होती. ती खळबळ इतकी की नाकाला पुढे 2.64 हा गुणक लावून प्रभावी रेनॉल्ड्स आकडा वेगळा सांगावा लागला: मोजणी 31 लाखांना, पण हवा वागत होती जणू 80 लाख ओलांडल्यासारखी. 824 अहवाल शांत हवेच्या नव्या टनेलमधून आला. म्हणून एकाच छेदाचे दोन अहवालांतले आकडे जुळत नाहीत, आणि दोन्ही खरे आहेत. माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की शेतकरी आधी विचारतो, नमुना कोणत्या गटातून घेतला, किती खोलीवरून, पाऊस पडून गेल्यावर की आधी. शेजाऱ्याच्या अहवालावर तो आपल्या उसाला खत टाकत नाही. पंखाच्या आकड्याला हाच प्रश्न विचारायचा आहे, आणि तो न विचारता 'डेटा मिळाला' म्हणणं म्हणजे काही मिळालंच नाही.

यावर तरुणांचं उत्तर तयार असतं: जुने अहवाल कशाला, संगणक आहे. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी 1986 मध्ये लिहिलेला एक्सफॉइल हा प्रोग्रॅम फुकट आहे. हवा तो छेद, हवा तो रेनॉल्ड्स आकडा टाकला की क्षणात आलेख निघतो. 15 लाखांची रेघ हवी? घ्या. हा आक्षेप वजनदार आहे आणि एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. लहान कोनांवर, हवा पंखाला चिकटून वाहत असताना, एक्सफॉइलचं उत्तर खरोखर विश्वासार्ह असतं. समपातळीवर उडताना किती ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, येईल याचा अंदाज त्यावरून घ्यायला हरकत नाही. दोन छेदांची तुलना करायला तर ते फारच उपयोगी आहे. पण स्टॉलजवळ, हवा पंखापासून सुटू लागली की, त्याच्यामागची गृहीतकं ताणली जातात आणि कमाल उचल अनेकदा वास्तवापेक्षा जास्त निघते. म्हणजे ज्या एका आकड्यावर उतरण्याचा वेग आणि पर्यायाने माणसाचा जीव अवलंबून आहे, नेमका तोच आकडा हे हत्यार उदार हाताने देतं. शिवाय त्याला हवेतली खळबळ किती मानायची हे वापरणाऱ्यानेच सांगायचं असतं. न सांगितलं तर ते 9 हा ठरीव आकडा धरतं, म्हणजे साधारण शांत टनेलची हवा आणि गुळगुळीत पंख. नगरच्या दुपारी माळावरून उठणारी हवा आणि पंखाच्या कडेवरची धूळ त्यात नाही. रंगीत चित्र पाहून माणूस खात्री बाळगतो. त्या चित्राला आधी एखाद्या मोजलेल्या आलेखाशी ताडून पाहिलं असेल तरच ती खात्री बाळगावी. 23012 एक्सफॉइलमध्ये 30 लाखांना चालवा, 824 अहवालातल्या रेघेवर ठेवा, फरक किती पडतो पहा, मग 15 लाखांच्या उत्तरातून तेवढा आणि थोडा जास्तच वजा करा. एवढी शिस्त असेल तर संगणक जरूर वापरावा.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि म्हणून जास्त लोकप्रिय. राइट बंधूंकडे कुठे होते तक्ते? सायकल दुरुस्त करणारी माणसं, अंदाजाने आणि हिंमतीने उडाली. वर्तमानपत्रांना ही गोष्ट फार आवडते. घरी हेलिकॉप्टर बांधणारा कोणी दिसला की मथळा तयार असतो. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात असाच एक तरुण कारागीर स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत, मागचं पातं तुटल्यावर, जीव गमावून बसला. मृत्यूनंतरही लिहिलं गेलं ते त्याच्या जिद्दीबद्दल. पात्यावर किती भार येणार होता आणि ते किती सोसणार होतं, हा हिशेब त्याला करून द्यायला आपल्याकडे कोणती जागा होती, हे फार कोणी विचारलं नाही. आणि राइट बंधूंचा दाखला तर उलटा आहे. त्यांच्याकडे तक्ता होता, ऑटो लिलिएंथालचा. त्यावरून बांधलेल्या 1901च्या ग्लायडरने हिशेबाच्या एक तृतीयांशच उचल दिली. दोघांनी काय केलं? त्याच वर्षी डेटनमध्ये सोळा इंच चौरस आणि सहा फूट लांब लाकडी पेटी बनवली, एका टोकाला पंखा लावला, करवतीची पाती आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारा वापरून तराजू बनवला आणि दोनेकशे छोटे पंख मोजले. निष्कर्ष असा निघाला की लिलिएंथालचा तक्ता फारसा चुकलेला नव्हता. तो त्यांच्या पंखाच्या आकाराला आणि बाकाला लागू नव्हता, आणि सगळे जण शतकभर वापरत आलेला हवेच्या दाबाचा 0.005 हा गुणांक मुळातच दीडपट फुगलेला होता. त्यांनी तो 0.0033 काढला. गावठी जुगाडाचं प्रतीक म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, ती माणसं त्या काळातली सर्वांत चोख मोजणारी होती. तक्ता उचलून पंख बांधणारे आणि तक्ता फेकून पंख बांधणारे, दोघांनाही त्यांचा आधार घेता येणार नाही.

बरं, त्यांच्या त्या पेटीतही एक सापळा होताच, आणि तो आजच्या ड्रोनवाल्यांनी नीट पाहावा. पेटी छोटी, नमुने छोटे, म्हणून रेनॉल्ड्स आकडा फार खालचा. त्या आकड्यावर पातळ, वाकवलेल्या पत्र्यासारखा पंख सरस ठरतो. पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक टनेल असेच लहान होते, आणि जवळजवळ सारं जग पातळ पंख बांधत राहिलं. आत तुळई मावेना म्हणून बाहेरून तारांचं जाळं. जाड छेद मोठ्या विमानावर उत्तम काम करतो हे पुढे जर्मनांनी दाखवलं. फोकरच्या तीन पंखी विमानाला गटिंगेनचा 298 क्रमांकाचा जाड छेद होता. छोट्या नमुन्याचा खरा आकडा मोठ्या विमानाला खोटा ठरतो, हे जगाने पंधरा वर्षं वाया घालवून शिकलं. आज खेळण्यातल्या आणि फवारणीच्या ड्रोनसाठी लाख-दोन लाख रेनॉल्ड्सला मोजलेले आकडे माणूस बसणाऱ्या विमानाला लावणारे भेटतात, तेव्हा ती पंधरा वर्षं पुन्हा सुरू झाल्यासारखी वाटतात.

कुलपाच्या तक्रारीला जोडून येणारा परंपरेचा मुद्दा थोडक्यात, कारण त्यात फार काही नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, विमानशास्त्राचे संस्कृत ग्रंथ होते, पाश्चात्त्यांनी ते पळवले, हे 2015च्या मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसपर्यंत व्यासपीठावरून बोललं गेलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 मध्येच अशा एका ग्रंथातली विमानं तपासून ती उडू शकत नाहीत असं लिहिलं होतं. तळपद्यांच्या धडपडीबद्दल आदर ठेवूनही एवढं म्हणावं लागतं की त्या उड्डाणाचा एकही मोजलेला आकडा आज कोणी दाखवू शकत नाही: वजन नाही, पंखाचं क्षेत्रफळ नाही, वेग नाही. चोरायला आधी काहीतरी लिहिलेलं असावं लागतं.

आता सर्वांत अवघड आक्षेप. इतकं बारीक पाहिलं तर कोणी विमान बांधणारच नाही. पायपर कबचा यूएसए 35बी हा छेद आजच्या कसोटीला जुनाट आहे, आणि ते विमान अजून मजेत उडतंय. खरं आहे. म्हणूनच 2412, 4412, क्लार्क वाय असे जुने, कंटाळवाणे छेद हौशी माणसाने निवडावेत असं मला वाटतं. पण ते सुरक्षित आहेत ते कोणाच्या नशिबाने नाहीत. हजारो विमानांनी लाखो तास उडून, वेगवेगळ्या हवेत, खराब झालेल्या कापडाच्या पंखांवर त्यांना तपासलंय. उड्डाणाचे तास हीसुद्धा मोजणीच आहे. जुना छेद घेणं म्हणजे ती मोजणी घेणं. मात्र ती पूर्ण घ्यावी लागते. 4412 भरपूर उचलतो, पण पंखाला पुढे पालथा पाडू पाहणारा त्याचा घूर्णन गुणांक उणे 0.09च्या आसपास आहे, 23012चा उणे 0.01. पहिला घेतला तर शेपटीवर भार वाढतो आणि पंखाच्या पिळाची ताकद पुन्हा तपासावी लागते. दुसरा घेतला तर तो भार वाचतो, पण 23012 स्टॉल होताना पूर्वसूचना फारशी देत नाही. उचलीचा एक आकडा पाहून निवड करणारा माणूस या दोन्ही गोष्टी उड्डाणात शिकतो. आणि छेद 'घेतला' म्हणजे तो पंखावर आला असंही नाही. 12 टक्के जाडीच्या या छेदांच्या नाकाची, म्हणजे पुढच्या गोल कडेची, त्रिज्या रुंदीच्या 1.58 टक्के असते, 1.2 मीटर पंखावर 19 मिलिमीटर. पत्रा वाकवताना किंवा फोम घासताना ती 14 झाली तर कागदावर अहवाल आहे 23012चा आणि पंख आहे भलत्याच कशाचा. दोन फासळ्यांमध्ये कापड आत बसलं तरी तेच.

कोणी म्हणेल, हे सगळं पाहणं डीजीसीएचं, म्हणजे विमानांना परवाने देणाऱ्या सरकारी कार्यालयाचं, काम. अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान 2016 मध्ये मुंबईत प्रदर्शनात आलं, 2017 मध्ये नोंदलं गेलं आणि 2020 मध्ये धुळ्याला चाचणीसाठी उडालं. परवानग्यांच्या त्या वाटेचं कौतुक करावं असं काही नाही. पण परवाना आणि आकडा या वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना उद्या एका दिवसात मिळू लागला तरी 15 लाख रेनॉल्ड्सला धुळकट पंख किती उचलतो हे कोणतंही कार्यालय सांगणार नाही. ते मोजावं लागेल, आणि ते मोजायला नगर जिल्हा वाटतो त्यापेक्षा चांगली जागा आहे.

नगरचा विमानाशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांनी आठवावं की 'निशांत' या मानवरहित विमानासाठी देशात बनलेल्या वांकेल इंजिनात इथल्या व्हीआरडीईचा, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेच्या वाहन प्रयोगशाळेचा, वाटा होता. 2009 मध्ये ते इंजिन उड्डाणात वापरलं गेलं. याच संस्थेकडे गाड्या तपासायचा ट्रॅक आहे आणि बाजारात येणाऱ्या वाहनांची प्रमाणपत्रासाठीची तपासणीही ती करते. संगमनेर, कोपरगाव, लोणी आणि विळद घाटात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेत सहसा दिसतो तो 30 सेंटिमीटरचा टनेल, सेकंदाला 30 मीटर वेग आणि 15 सेंटिमीटर रुंदीचा नमुना धरला, तर नगरच्या हवेत अडीच लाखांच्या थोडा वर रेनॉल्ड्स आकडा देतो. माणूस बसणाऱ्या विमानाला तो निरुपयोगी. पण पंख असलेल्या छोट्या सर्वेक्षण ड्रोनचा तो जवळजवळ नेमका आकडा आहे. मुलं तिथे पाठ्यपुस्तकातला प्रयोग दरवर्षी तसाच करतात आणि जर्नल भरून टाकतात. त्याऐवजी एकच छेद कोरडा, धुळीने माखलेला आणि ओला असा मोजून छापला, तर तो जगात कोणालाही वापरता येईल.

मोठ्या विमानासाठी रस्ता आहे, शब्दशः. रुटान यांनी आपल्या पहिल्या विमानाचा नमुना गाडीच्या टपावर बसवून मोजला होता. 1.2 मीटर रुंद आणि तेवढ्याच लांबीचा पंखाचा तुकडा, दोन टोकांना सपाट फळ्या, ट्रेलरवर उंच उभारलेल्या चौकटीत, खाली भार मोजणारे सेल: हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असताना ताशी 80 किलोमीटरने ओढला तर रेनॉल्ड्स आकडा 16 ते 17 लाख येतो, आणि उचल साठ किलोच्या आसपास. ही ताकद कोणतीही साधी चौकट सहज पेलते. आक्षेप अर्थातच येईल की गाडीमुळे हवा ढवळते, तुकडा आखूड असल्याने टोकांकडून हवा गळते, म्हणून आकडा शुद्ध नाही. कबूल. त्या आकड्यावर छेदाचा अंतिम गुणांक कोणी ठरवू नये. पण त्याच चौकटीत, त्याच पहाटे, तोच तुकडा आधी स्वच्छ, मग कडेवर धूळ चिकटवून, मग पंपाने पाणी फवारून ओढला, तर तिन्ही वेळी गाडीचा दोष जवळपास सारखाच राहतो आणि उरतो तो फरक पंखाचा. धुळीने किती टक्के उचल गेली, पावसाने किती गेली, हे गुणोत्तर मिळेल. नाकाच्या दोन रेघांच्या मधे आपला पंख कुठे बसतो हे ठरवायला तेच हवं आहे.

संगमनेर, कोपरगाव, लोणी किंवा विळद घाटातल्या कोणत्याही एका महाविद्यालयाच्या मेकॅनिकल विभागाने व्हीआरडीईकडे ट्रॅकवरच्या काही पहाटा मागाव्यात. 2412 आणि 23012 या दोन छेदांचे तुकडे बनवावेत, मोजावेत आणि आकडे छापावेत: सोबत तारीख, तापमान, हवेचा दाब, वाऱ्याचा वेग, पृष्ठभाग कसा घासला, नाकाची त्रिज्या प्रत्यक्ष किती भरली, आणि कोणती फेरी का रद्द केली, हे सगळं. विमान बांधायला निघालेल्या प्रत्येकाला माझी विनंती एवढीच आहे की या नोंदीशिवाय कोणी आकडा पुढे केला, मग तो नासाचा असो, संगणकाचा असो की शेजारच्या शेडचा, तर त्यावर पंखाची पहिली फासळी कापू नये.